इलारी फौजदाराचे कपडे

इलारी फौजदाराला गळाबंद गणवेशात पुरलं, आणि लेओंतिनाला सगळ्यात जास्त सलत होतं ते हेच. नवरा गेल्याचं दुःख होतंच, ते कुठे जाणार? पण दुःखात माणूस रडून मोकळं तरी होतं. हे मात्र काट्यासारखं रुतून बसलं होतं. सगळ्या संसारात इलारीने घरात पाऊल टाकलं की पहिलं काम एकच असायचं. मान वर करायची आणि कॉलरचा हुक काढायचा. बुटांच्या आधी, टोपीच्या आधी, जेवायला काय आहे हे विचारायच्याही आधी. मग खुंटीवरचा मेंढीच्या कातड्याचा लांब कोट अंगात चढवायचा, आणि तेव्हा कुठे लेओंतिनाचा नवरा घरी यायचा. तोवर घरात शिरलेला असायचा तो सरकारचा माणूस.

अंत्यविधीला जिल्ह्याहून कर्नलसाहेब आले होते, बँड आला होता, बुखारेस्टहून आलेलं पदक लाल उशीवर ठेवलं होतं. लेओंतिनाने साहेबांना बाजूला घेऊन काकुळतीने सांगितलं, त्याला त्याच्या घरच्या कपड्यांत जाऊ द्या. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस चांगला होता, पण चांगली माणसंही नियमाबाहेर जात नाहीत. कर्तव्य करताना पडलेला अधिकारी पूर्ण गणवेशातच जातो, असं त्यांनी तिला हळू आवाजात समजावलं. मग दोन तरुण शिपायांनी इलारीला नवाकोरा गणवेश चढवला आणि शेवटी हुक लावायला घेतला. एकाच्याने लागेना, तेव्हा दुसऱ्याने जोर केला. लेओंतिना दारात उभी राहून ते बघत होती.

इलारी होताच तसा आडवातिडवा. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या स्कोरुशूत दारं आधीच बुटकी. तो आत येताना वाकायचाही आणि तिरकाही व्हायचा. त्याचा तो कोट शिवायला घेतला तेव्हा कातडी कमावणाऱ्याने विचारलं होतं म्हणे, माणसाला शिवायचाय की बैलगाडीला? आठ मेंढ्या लागल्या. इलारी तो कोट घालून बर्फात उभा राहिला की लांबून गवताची गंजी वाटायची. पोरं त्याच्या आडोशाला वारा चुकवायची आणि त्याला ते कळायचं म्हणून तो जागचा हलायचा नाही.

आमच्या या ऑल्तेनिया प्रांतातली माणसं तोंडाळ, हे आम्ही स्वतःच सांगतो. पण इलारी बोलायला महाकंजूष. त्याचं पोलिसाचं कसब सगळं बसण्यात होतं. चोरी झाली की तो ज्याच्यावर संशय असेल त्याच्या घरी जायचा, ओट्याच्या पायरीवर बसायचा, प्यायला पाणी मागायचा, परसातल्या टोमॅटोची तारीफ करायचा आणि मग गप्प. तास जायचा, दुपार जायची. शेवटी घरातली बाई कंटाळून नवऱ्याला म्हणायची, दे बाबा त्याचं काय असेल ते, मला अंगण झाडायचंय. गावात दरोडे नव्हते, खून नव्हते. होतं ते जंगलातलं लाकूड, कोंबड्या, बांधावरची भांडणं आणि आलुबुखाराची दारू. मधे बुखारेस्टमध्ये सगळी उलथापालथ झाली, मिलिशियाचं नाव पोलीस झालं, टोपीवरचं चिन्ह बदललं. इलारीचा पायरीवर बसायचा धंदा काही बदलला नाही.

लेओंतिनाशीही त्याने तसंच जमवलं होतं. ती तेव्हा वडिलांबरोबर जत्रेला चीज विकायला चालली होती. गाडीला मागे कंदील नाही म्हणून त्याने गाडी अडवली. भर दुपारी. परत येताना पुन्हा अडवली. तिसऱ्यांदा तो आला तो थेट घरी, आणि पायरीवर बसला. अंधार पडेपर्यंत तो काही बोलेचना, तेव्हा तिच्या आईनेच विचारलं, फौजदार, आमच्यातलं नक्की काय चोरीला गेलंय? तो लालबुंद झाला आणि लेओंतिनाकडे बघत राहिला. ही गोष्ट सांगताना लेओंतिना अजून हसते, आणि मग डोळे पुसते.

मेला तो पुलावर. नोव्हेंबरची संध्याकाळ, नदीवर धुकं. वरच्या जंगलातून चोरीचं लाकूड भरून ट्रक येतोय असा निरोप आला, आणि इलारी लाल दिवा घेऊन पुलाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. त्या खोऱ्यातल्या कुठल्याही चोराने ब्रेक मारला असता. इलारी उभा आहे म्हटल्यावर थांबायचं, शिव्या द्यायच्या, हसायचं आणि खाली उतरायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. हा ड्रायव्हर परका होता. इलारी कोण हे त्याला माहीत नव्हतं, आणि ट्रक थांबला नाही. दोन दिवसांनी ड्रायव्हर सापडला, आता तुरुंगात आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त बोलायची मला इच्छा नाही.

आमच्याकडे माणूस गेल्यावर सहा आठवडे भरले की त्याच्या नावाने कपडे देतात. डोक्यापासून पायापर्यंत, त्याच्याच अंगाचे, एखाद्या जिवंत माणसाला. तो माणूस ते इथे घालतो, म्हणून तिकडे मेलेल्याच्या अंगावर ते येतात. पेटीत ठेवून पोचत नाहीत, खुंटीवर टांगून पोचत नाहीत. कातरून, आखूड करून दिलेलेही चालत नाहीत. म्हणजे लेओंतिनाच्या हातात एकच उपाय उरला होता. सहा आठवड्यांच्या आत इलारीच्या मापाचा माणूस शोधायचा, म्हणजे त्या बिचाऱ्याला तिकडे एकदाचा तो हुक काढून स्वतःचे कपडे घालता येतील. नाहीतर ऐन जानेवारीच्या थंडीत, आवळलेल्या गळ्याने, तो तसाच ताटकळत राहणार.

तिने आधी दिराला बोलावलं. दीर कोटात शिरला आणि दिसेनासा झाला. मग इलारीचा धर्मपुत्र आला, चांगला उंचापुरा, पण खांदे नाहीत. कोट त्याच्या अंगावरून सरळ खाली घसरला. सरपंचाला मापाने जमलं असतं, पण त्याने पोलिसाचा कोट घालण्याला राजकीय कारणांनी नकार दिला, आणि ती कारणं सांगत तो तासभर बसला. शेवटी पाद्रीबाबांनी स्वतः घालून पाहिला. पोट मावलं, पण बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. त्यांनी कोट काढला, घाम पुसला आणि लेओंतिनाला देवाच्या दयेबद्दल चार शब्द सांगितले. तिला दया नको होती, रुंद खांद्यांचा माणूस हवा होता.

त्यात शेजारची आग्लाया एका सकाळी धावत आली. तिला स्वप्न पडलं होतं. इलारी तिच्या फाटकाशी उभा, एक बोट कॉलरमध्ये घातलेलं, बोलत काही नाही. लेओंतिनाला आधी रडू आलं आणि मग राग. मेल्यावर पहिल्यांदा दिसायचं तर बायकोला दिसावं, शेजारणीला कशाला? पण तेही इलारीसारखंच होतं. अडचण झाली की तो बायकोला त्रास नको म्हणून शेजारी जाऊन बसायचा.

"एक माणूस आहे बाई," आग्लाया चाचरत म्हणाली. "पण नाव घेतलं तर तू मला हाकलशील."

नाव घेतलं, आणि लेओंतिनाने तिला हाकललं.

ते नाव होतं पाम्फिल. लाकूडचोर, कोंबडीचोर, आणि अख्ख्या खोऱ्यात इलारीएवढा रुंद असा एकटाच. इलारीने त्याला इतक्या वेळा पकडलं होतं की पुढे पुढे पाम्फिलची बायको नुसती मोटारसायकल वाजली की शिदोरी बांधायला घ्यायची. पोलीस चौकीची ती मोटारसायकल जुनी, साइडकार लावलेली. एवढे दोन धिप्पाड पुरुष बसले की ती घाट चढायचीच नाही. मग एकाने उतरून ढकलायचं. कोणी ढकलायचं यावर पहिल्यांदा भांडण झालं, नंतर पाळी ठरली. चोर मोटारसायकलवर बसलाय आणि फौजदार घामाघूम होऊन मागून ढकलतोय, हे दृश्य आमच्या घाटात सगळ्यांनी पाहिलंय. जिल्ह्याच्या साहेबांनी ते पाहिलं नाही, हे इलारीचं नशीब.

पण लेओंतिनाचा राग लाकडावरून नव्हता. एका नाताळाच्या आधी पाम्फिलने फौजदाराच्याच अंगणातून तिची टर्की पळवली होती. वर्षभर हाताने चारून मोठी केलेली. गाव हसून हसून लोळलं. इलारीही हसला, आणि तेच तिला फार लागलं. त्यानंतर पाम्फिल समोरून आला की ती रस्ता बदलायची.

नाताळ उलटून गेला, सहा आठवडे भरत आले, तेव्हा ती शेवटी शाल गुंडाळून पाम्फिलच्या घराकडे निघाली. पाम्फिल ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. फाटकाशी तिला बघताच तो उठला आणि सवयीने म्हणाला, "मी काही घेतलं नाही, वहिनी."

"कुणी विचारलंय तुला?"

ती आत गेली आणि एका दमात काय ते सांगून टाकलं. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या लाकडाच्या ढिगाकडे बघत होती. तो ढीग तिच्या नवऱ्याने पाहिला असता तर पायरीवर बसला असता.

"तो कोट?" पाम्फिल म्हणाला. "वहिनी, जन्मभर त्या कोटाला बघून मी कुंपणं ओलांडली. आता तोच अंगात घालू? दादा वरून बघेल आणि म्हणेल, हासुद्धा उचललास का रे?"

"मी देतेय. चोरीचा नाही."

"आणि माझ्या अंगावरून पोचेल का तरी त्याला? एखादा धुतल्या तांदळासारखा माणूस बघा."

"धुतल्या तांदळासारखे पुष्कळ बघितले. सगळे अरुंद निघाले."

पाम्फिलने मान हलवली. नको म्हणाला. तेव्हा लेओंतिनाचा तोल सुटला आणि जे तिने पाद्रीबाबांनाही धड सांगितलं नव्हतं ते ती त्या चोराला सांगून बसली. त्या दोन शिपायांचं, दुसऱ्याने लावलेल्या जोराचं, हुकाचं. पाम्फिलने कुऱ्हाड खाली ठेवली.

"हुक लावून पुरलं त्याला?"

तिने स्वतःच्या गळ्याशी बोट नेऊन हुकाची जागा दाखवली.

"पूल ओलांडून गाव मागे पडलं की तो मोटारसायकल थांबवायचा," पाम्फिल म्हणाला. "मला म्हणायचा, पाम्फिल, जरा तिकडं बघ. मी तिकडं बघायचो आणि तो हुक काढायचा. शहर जवळ आलं की परत लावायचा, आणि मला विचारायचा, नीट लागलाय का बघ रे. मीच बघायचो, वहिनी. कधी कधी मीच लावायचो. त्याची बोटं जाड."

मग तो बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसला. ती इलारीच्या बोटांएवढीच जाड होती.

"कधी यायचं?" त्याने विचारलं.

शनिवारी तो आला. दाढी केलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, बायको मागे. अंगणात टेबलं मांडली होती, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा चुलीवर शिजत होता, साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाच्या ढिगावर मेणबत्ती खोवली होती. पाम्फिल येणार म्हणून आग्लायाने चमचे मोजून ठेवले होते. लेओंतिनाने एकेक वस्तू त्याच्या हातात दिली. सदरा, लोकरीची विजार, बूट, कातडी टोपी आणि शेवटी कोट. तो आतल्या खोलीत जाऊन सगळं घालून आला, दारातून येताना वाकला आणि तिरका झाला, आणि बोलघेवड्या ऑल्तेनियाचं ते अंगण एकदम चिडीचूप झालं. सदऱ्याची वरची दोन बटणं त्याने उघडी ठेवली होती. जानेवारीत.

लेओंतिनाने पेटती मेणबत्ती आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"हे इलारीला असो," ती म्हणाली.

"बोग्दाप्रोस्ते," तो म्हणाला. मेलेल्याच्या नावाने घेताना आमच्याकडे, देव त्याला क्षमा करो अशा अर्थाचा, हा एकच शब्द म्हणतात. पाम्फिलने आयुष्यात पुष्कळ काही घेतलं होतं, पण हा शब्द म्हणून बहुधा पहिल्यांदाच. तो जेवला, दारूचे दोन थेंब इलारीसाठी जमिनीवर सांडले, उरलेली प्यायला आणि कोटासकट घरी गेला. चमचे बरोबर भरले. त्या रात्री लेओंतिनाला नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा झोप लागली.

मे महिन्यात कर्नलसाहेब पुन्हा आले. चौकीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावली, बिगुल वाजलं, शाळेच्या मुलींनी फुलं वाहिली. साहेब शौर्याबद्दल बोलले, कर्तव्याबद्दल बोलले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खरंच कापला. लेओंतिनाला भरून आलं. पण त्या सगळ्या बोलण्यात पायरी नव्हती, घाट नव्हता, जाड बोटं नव्हती. कुणातरी फार मोठ्या अनोळखी माणसाबद्दल ते बोलतायत असं तिला वाटत राहिलं. गर्दीच्या मागे पाम्फिल उभा होता. सगळे सदऱ्यांवर, आणि हा त्या कोटात, कातडी टोपीत. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

जूनमध्ये कुजबुज वाढली. पाम्फिल कोट काढतच नाही म्हणे. दुकानात कोट, चर्चमध्ये कोट, नदीवर कोट. आग्लायाने निदान केलं, कोंबड्या लपवायला एवढी चांगली जागा दुसरी कुठली? सरपंच म्हणाला, मेलेल्या फौजदाराची टिंगल चालवलीय त्याने. जुलैत गवत कापताना पाम्फिल शेतात भोवळ येऊन पडला, तेव्हाही अंगात कोटच होता, आणि लोकांनी बटणं सोडायचा प्रयत्न केला तर शुद्धीवर येऊन त्याने एकाला ढकलून दिलं. हे कानावर आलं आणि लेओंतिनाच्या डोक्यात तिडीक गेली. शेवटी चोर तो चोर. कोट परत घ्यायचा, असं ठरवून ती भर उन्हात तरातरा निघाली.

पाम्फिल विहिरीच्या सावलीत बसला होता. चेहरा तापलेल्या विटेसारखा, भुवयांवरून घाम गळतोय, अंगावर आठ मेंढ्या.

"हे काय चालवलंयस?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं हसं करतोस गावात?"

"मी?"

"मग कोट का अंगात? हिवाळ्यात दिला होता मी."

पाम्फिलने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिलाच ऊन लागलंय.

"तुम्हीच म्हणालात ना, वहिनी, इथे मी घातला की तिकडे त्याच्या अंगावर येतो म्हणून. मग मी काढला तर?" तो थांबला आणि बाहीने तोंड पुसलं. "मार्चमध्ये एकदा काढला होता, लाकूड फोडताना. आणि मनात आलं, दादा तिकडे कुठे उभा असेल, एखाद्या पुलावर, वारा असेल, लोकांत असेल, आणि आपण त्याच्या अंगावरून कोट ओढून घेतला. पुन्हा चोरीच झाली की ती. लगेच घातला. झोपतानाही घालतो. बायको ओसरीवर झोपते आता."

लेओंतिना कोट हिसकावून न्यायला आली होती. सहा महिने ती रात्री निवांत झोपत होती, इलारीला ऊब मिळाली म्हणून समाधानात होती, आणि ती ऊब इथे हा माणूस घाम गाळून, लोकांचं हसू सोसून, भोवळ येऊन पडून पुरवत होता. संगमरवरी पाटीसमोर तिला रडू आलं नव्हतं तसं आता आलं. ती त्याच्या शेजारी विहिरीच्या कठड्यावर बसली आणि डोक्याच्या रुमालात तोंड घालून रडली, आणि पाम्फिल तिच्याकडे न बघता शहाण्यासारखा तिकडं बघत राहिला.

"काढ तो," ती शेवटी म्हणाली.

"आणि दादा?"

"तिकडेही उन्हाळाच असेल ना रे? जुलैत कधी कोट घालायचा का तो? सदरासुद्धा अंगावर ठेवायचा नाही, उघडा बसायचा विहिरीवर. तू काढला नाहीस म्हणून तिकडे नुसता उकडून निघाला असेल माणूस."

पाम्फिलचा चेहरा पांढरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो घाईघाईने बटणांशी झटायला लागला, बाही घामाने चिकटून बसली होती, ती निघेना. लेओंतिनाने एक बाही धरली, त्याने दुसरी, आणि दोघांनी मिळून तो ओढून काढला. कोट आतून ओलाचिंब आणि गरम होता. तिने तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हात आत खुपसून बसली.

पाम्फिलने बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं, केस झटकले आणि वर आभाळाकडे बघितलं.

"आता बरं वाटलं असेल का हो त्याला?"

"हो," लेओंतिना म्हणाली. "आता बरं वाटलं असेल."